चाखण्यापुरतं

गीसोप पडवीत सायकलींच्या बॅटऱ्या चार्जरवरून काढत होता, तेव्हा आईने अंगणात लसूण सोलता सोलता, मान वर न करता, जाहीर केलं, "आज शेवटचं बघायचं. आजही ताटात टाकलं, तर उद्यापासून चूल बंद."

आवाज इतका सपाट होता की गीसोपला आधी वाटलं ती हवामानाचा अंदाज सांगतेय.

"कुणी टाकलं?"

"तुझ्या पाहुण्यांनी. परवा चौघं आले. एकेक घास घेतला, 'वा, फार छान' म्हणाले आणि पोटावरून हात फिरवत समुद्र बघत बसले. मी चाळीस वर्षं धक्क्यावर खलाशांना वाढलं. त्यातला एकही मेला कधी 'वा, फार छान' म्हणाला नाही. वाटी मात्र अशी ठेवून जायचे की धुवायची की नाही असा प्रश्न पडायचा."

"आई, ते चाखायला येतात."

"मग ताट कशाला लागतं? दारात उभं राहून वास घ्यावा आणि पुढे जावं." लसणाची सालं तिने फुंकर मारून उडवली. "मी थोरलीकडे जाते देगूला. तिच्या नवऱ्याला बाकी काही येत नाही, पण भूक लागते."

ही धमकी पोकळ नव्हती. आईची बॅग पडवीच्या कोपऱ्यात भरून ठेवली होती. वर तिची छत्रीही होती, आणि आई छत्री उगाच बाहेर काढत नसे.

गीसोपने वीस वर्षं बूसानला विमा कंपनीत काढली. मग कंपनीने त्याला मोठ्या सन्मानाने मोकळं केलं, आणि तो नामहे बेटावर, आपल्या गावी, आईकडे परतला. गावात तरुण माणूस म्हणून त्याचं जंगी स्वागत झालं. तो सेहेचाळीस वर्षांचा होता. वर्षभर लसूण काढून कंबर धरल्यावर त्याने जिल्हा कचेरीच्या अनुदानातून विजेच्या सायकली घेतल्या आणि सहल सुरू केली: 'समुद्रकाठाने, चाखत चाखत.' एस.टी. स्टँडपासून निघायचं, डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांवरून, निळ्या पाण्याच्या कडेकडेने, तीन ठिकाणी थांबत, गाल्मे खिंड चढून चौथ्या थांब्याला यायचं. चौथा थांबा म्हणजे आई.

माहितीपत्रकात मात्र आई नव्हती. तिथे लिहिलं होतं, 'थांबा क्रमांक चार : स्थानिक खाद्यपरंपरा.' विम्याच्या धंद्यात गीसोपने पहिली पॉलिसी आईलाच विकली होती, दुसरी मामाला, तिसरी मामाच्या व्याह्यांना. आणि चुसॉकच्या सणाला सगळे एकत्र जमले की अजून त्या पॉलिसींचा विषय निघतो. म्हणून या धंद्यात नातं मध्ये आणायचं नाही, असा त्याने पण केला होता.

सहल चांगली चालली होती. लोक खूश होऊन जात. फक्त एक अडचण होती. लोक पहिल्याच थांब्यावर जेवत.

त्यावर उपाय म्हणून गीसोपने वसंताच्या सुरुवातीला गावच्या सभागृहात तिन्ही थांब्यांच्या मालकांची बैठक घेतली. 'चाखणं' म्हणजे काय, ते फळ्यावर काढून दाखवलं. अंगठ्याएवढा घास. एक घोट. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पहिल्या थांब्याच्या जिंजूकरीण मावशीने तर मान डोलावली. शेवटी तिने हात वर केला.

"ते चाखून झाल्यावर मग काय खाणार?"

"काही नाही, मावशी. मग पुढे जाणार."

कुणाच्या तरी घरी माणूस गेल्याची बातमी आल्यावर होतात तसे सगळ्यांचे चेहरे झाले. मग दुसऱ्या थांब्याची यॉसूकरीण मावशी हळू आवाजात म्हणाली, "गीसोप, बूसानला लोकांनी तुला असं वागवलं का रे?"

गीसोपने मग बूसानहून बशा मागवल्या. बाहुल्यांच्या भातुकलीत शोभतील एवढ्या. मावश्यांनी त्या आनंदाने वापरल्या. आधी एकाला एक थाळी लागत असे, आता एकाला पंधरा बशा लागू लागल्या, एवढाच फरक पडला. रिकामी झालेली बशी दिसली की ती भरायची असते, हे बाईच्या जातीला जन्मतःच ठाऊक असतं, आणि लहान बशी लवकर रिकामी होते.

तेव्हा आता शेवटचा उपाय म्हणून, काल संध्याकाळी, गीसोप स्वतः घरोघरी गेला आणि खरं कारण सांगून आला. आईचं ताट तसंच राहतं. आई देगूला निघालीय. उद्या, फक्त उद्या, हात आखडता घ्या.

"तुझ्या आईचं ताट परत जातं?" जिंजूकरणीने छातीला हात लावला. "आणि तू मला हे आत्ता सांगतोयस, मेल्या? उद्या मी अंगठा म्हणजे अंगठा देईन. तू त्या यॉसूच्या बयेला सांग. ती ऐकायची नाही."

यॉसूकरीण म्हणाली होती, "माझं काही नाही. तू जिंजूवालीला आवर."

चार्ज झालेल्या बॅटऱ्या आता हिरव्या लुकलुकत होत्या. मोटर असलेल्या सायकलवर माणसाचे पाय फिरतात पण पोट जागचं हलत नाही, हे गीसोपच्या ध्यानात फार पूर्वीच आलं होतं. एखाद्याने या बॅटऱ्या अर्ध्याच भरल्या तर चार माणसं खिंडीत घामाघूम होतील आणि आईच्या अंगणात वाघासारखी उतरतील. त्याने शेवटच्या बॅटरीकडे बराच वेळ पाहिलं. मग ती पूर्ण भरेपर्यंत थांबला. विमा कंपनीत त्याची बढती अडली ती याच स्वभावामुळे.

पिल्दू काकांनी नेहमीप्रमाणे आपल्या छोट्या ट्रकमध्ये सायकली घातल्या आणि खिंडीपलीकडे स्टँडवर नेऊन सोडल्या. पिल्दू काका म्हणजे निवृत्त खलाशी, थांबा क्रमांक तीन. भाडं घेत नसत. रोज दुपारी गीसोपच्या आईकडे जेवत, आणि जेवण झाल्यावर एक शब्दही बोलत नसत. आईच्या लेखी गावात तेवढा एकच सुसंस्कृत माणूस उरला होता.

* * *

पाहुणे तिघं होते. देजॉनहून आलेले गुक सर, निवृत्त मुख्याध्यापक, त्यांची पत्नी, आणि सोलची ब्योल नावाची मुलगी, जी खाण्याचे फोटो काढून लोकांना दाखवत असे आणि स्वतः काकडी खात असे.

"एकूण चढ किती?" गुक सरांनी हेल्मेटचा पट्टा बांधण्याआधीच विचारलं.

"चढ कळणार नाही, सर. मोटर आहे. या बटनावर पाच पायऱ्या आहेत, लागेल तेवढी वाढवायची."

सरांनी ताबडतोब पाचवी पायरी लावली आणि दिवसभर ती उतरवली नाही. सपाटीवर, उतारावर, एकदा तर थांबलेल्या अवस्थेतही.

"अहो, जरा कमी करा," पत्नी मागून म्हणाली.

"अनुदान आहे," सर म्हणाले.

मे महिना होता. लसणाची शेतं पिवळी पडू लागली होती, खाली समुद्र भांड्याच्या तळासारखा चकचकत होता, आणि वारा समोरून येत होता. ब्योल दर वळणावर थांबून फोटो काढत होती. सर दर पाटीपाशी थांबून पाटीवरच्या चुका काढत होते. सरांच्या पत्नी, ज्यांना गीसोप 'वहिनी' म्हणू लागला होता, काहीच करत नव्हत्या, नुसत्या हसऱ्या चेहऱ्याने सायकल चालवत होत्या, आणि गीसोपला वाटलं की सहल खरी त्यांचीच चाललीय.

पहिला थांबा जिंजूकरणीचा. शेताच्या वरच्या पायरीवर तिची टपरी. लग्न होऊन पन्नास वर्षं झाली तरी माहेरच्या गावाच्याच नावाने तिला सगळे हाक मारत; तिचं खरं नाव बहुधा टपाल्यालाच माहीत होतं. तिने तव्यावरून कांद्यापातीचा आणि कालवांचा पोळा उतरवला, आणि गीसोप श्वास रोखून बघत असताना, त्याचे कात्रीने अंगठ्याएवढे तुकडे केले. एका बशीत एक. वर वाटीत माकॉल्ली, तांदळाची पांढरी दारू, तीसुद्धा जीभ ओली होईल एवढीच.

तिघांनी खाल्लं. तिघांनी बशा खाली ठेवल्या. जिंजूकरणीने त्या रिकाम्या बशांकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले.

"मावशी, काय चव आहे!" वहिनी म्हणाल्या. "अजून आहे का?"

जिंजूकरणीच्या चेहऱ्यावर जे काही झालं ते बघवत नव्हतं. तव्यावर आख्खा पोळा चरचरत होता. "नाही," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने हा शब्द पाहुण्याला उच्चारला होता आणि तो तिला नीट जमलाही नाही. मग तिचे डोळे भरून आले आणि ती आत गेली.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात जांभळ्या कापडात बांधलेली बासनं होती.

"खायला देत नाहीये हां," ती गीसोपला दटावून म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द. हे फक्त बांधून दिलंय. घरी नेऊन खातील. रिकाम्या हाताने पाठवू? माझ्या सासूने वरून बघितलं तर?"

प्रत्येक बासनात आंबवलेल्या तिखट कोबीच्या किमचीचा डबा, दारूची बाटली, आणि एकेक पोळा, गरम गरम, चौकोनी घडी घातलेला. गीसोपने विरोध केला. विरोध करणं हा रीतीचाच भाग असल्यामुळे कुणी त्याकडे लक्ष दिलं नाही. बासनं सायकलींच्या मागे बांधली गेली.

दुसरा थांबा यॉसूकरणीचा. ती पाण्यापलीकडच्या प्रांतातली, आणि त्या प्रांतातल्या लोकांचं म्हणणं असं की अलीकडच्या लोकांना मीठ कळतं, जेवण कळत नाही. तिने नजर जमिनीला लावून प्रत्येकी एक वडी ठेवली. डोंगरी पाला घालून कुटलेली हिरवी तांदळाची वडी, वर भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. बरोबर मधात मुरवलेल्या युजाचा, तिथल्या आंबटगोड लिंबाचा, एक घोट चहा.

"जिंजूवालीने किती दिलं?" तिने गीसोपला कोपऱ्यात घेऊन विचारलं.

"अंगठाभर."

"खरंच दिलं तेवढंच?" यॉसूकरीण हादरली. प्रतिस्पर्धी एवढा मोठा त्याग करील असं तिला वाटलं नव्हतं. "आणि ती जांभळी बासनं कसली?"

"ते बांधून दिलंय."

"असं का." ती आत गेली. थोड्या वेळाने हिरवी बासनं आली, आणि ती जांभळ्यांपेक्षा मोठी होती. वडीचे डबे, मुरंब्याच्या काचेच्या बरण्या, सुकवलेली मासळी, आणि वहिनींसाठी वेगळा एक भोपळा, कारण वहिनींनी तो छान आहे असं म्हटलं होतं.

"मावशी, सायकलवर भोपळा?"

"मोटर आहे ना त्याला? का उगीच लावलीय?"

थांबा क्रमांक तीन. पिल्दू काकांनी वाफवलेल्या शिंपल्यांमधून प्रत्येकाला एकेक शिंपला मोजून दिला, आणि गीसोपकडे शाबासकीच्या अपेक्षेने पाहिलं. मग सायकलींकडे पाहिलं. जांभळं. हिरवं. उठले, आणि प्रत्येक सायकलच्या हँडलला लसणाच्या शंभर गड्ड्यांची एकेक वेणी अडकवली. गीसोपच्या सायकलला वरून जिवंत शिंपल्यांची बादली.

"काका, तुम्हीसुद्धा?"

"त्या दोघींनी दिलं," काका म्हणाले. त्या दिवशीचं त्यांचं हे सर्वांत लांब भाषण.

* * *

गाल्मे खिंड चढायला लागल्यावर पहिली आवाज न करता गेली ती सरांची बॅटरी. सरांनी बटन दाबलं. पुन्हा दाबलं. वर्गात न उठणाऱ्या मुलाकडे बघावं तसं सायकलकडे पाहिलं.

"गीसोपजी, ही थांबली."

पाठोपाठ वहिनींची थांबली, भोपळ्यासकट. मग ब्योलची. गीसोपची सगळ्यांत शेवटी, बादलीतलं पाणी त्याच्या बुटात सांडल्यावर. कागदावर या बॅटऱ्या साठ किलोमीटर चालत, पण कागदावर लसूण नव्हता, समोरचा वारा नव्हता, आणि पाचव्या पायरीवर बसलेले मुख्याध्यापक नव्हते.

सायकली ढकलत वर आणाव्या लागल्या. मोटर आणि बॅटरी असलेली सायकल ही मोटर बंद पडल्यावर सायकल राहत नाही, ती म्हैस होते. सरांनी हेल्मेट काढलं, मग जाकीट काढलं, मग पाटीवरच्या चुका काढणं सोडलं. ब्योलने फोन खिशात टाकला. खिंडीत लाकडी मंडप होता, तिथे चौघं धपकन बसली. समोर सगळा समुद्र होता, बेटांवर बेटं, पण त्या क्षणी त्याला कुणी विचारलं नाही.

"मला," सर म्हणाले, "सैन्यातून सुटल्यापासून एवढी भूक लागली नव्हती."

"मला भूक लागलीय," ब्योल आश्चर्याने म्हणाली, जणू कुणी तिचं बालपणीचं नाव घेतलं होतं.

आणि सरांनी हात लांब करून जांभळं बासन ओढलं, मांडीवर घेतलं, आणि त्याची गाठ सोडायला सुरुवात केली.

बासनाच्या फटीतून पोळ्याचा वास येत होता. खाली, खिंडीच्या पायथ्याशी, आईचं कौलारू घर दिसत होतं आणि धुराड्यातून धूर निघत होता. वीस वर्षांत गीसोपने लोकांना अपघात, आग, पूर, आजार, मृत्यू या सगळ्यांची भीती दाखवली होती; पण भुकेल्या पाहुण्याला 'खाऊ नका' म्हणायचं? त्याच्या सात पिढ्यांत कुणी हे केलं नव्हतं. त्याने तोंड उघडलं, मिटलं. गाठ सुटली. दुसरी गाठ सुटली.

"सर, खाऊ नका," गीसोप म्हणाला.

तिघांनी त्याच्याकडे पाहिलं. सरांच्या हातात पोळ्याचा कोपरा होता.

"बाधेल का?"

"नाही. उत्तम आहे." गीसोपने खाली धुराड्याकडे बोट दाखवलं. "चौथा थांबा आहे ना पुढे, स्थानिक खाद्यपरंपरा... ती माझी आई आहे."

मग तो बोलतच राहिला. खलाशांचं, रिकाम्या वाट्यांचं, 'वा, फार छान'चं, छत्रीचं. "पाहुणे येतात तोवर भरलेले असतात. ताट तसंच परत जातं. आजही गेलं तर ती चूल बंद करणार. बॅग भरून ठेवलीय तिने."

वहिनी उठल्या. नवऱ्याच्या हातातून पोळा घेतला, डब्यात ठेवला, डबा बासनात ठेवला आणि गाठ अशी मारली की ती सोडायला सुरी लागली असती.

"आईचं जेवण आहे असं सकाळीच सांगायचं ना, भाऊजी! परंपरा काय, थांबा क्रमांक चार काय! परंपरा कोण खातं?"

"अहो, एक तुकडा..." सर म्हणाले.

"काही नाही तुकडा. उठा."

"पण ती ओळखते," गीसोप म्हणाला. "तोंडदेखलं खाणारे तिला लांबून कळतात. मला वाईट वाटू नये म्हणून खाल्लंत तर त्याच्याने उलट..."

"तोंडदेखलं?" सर भोपळ्याचा आधार घेत उभे राहिले. "या घटकेला तुमच्या आईने मला सायकलचं सीट वाढलं तरी मी विचारणार नाही की कशात शिजवलंय."

* * *

उतारावर मोटर लागत नाही. चार सायकली बासनं, वेण्या, बादली आणि भोपळ्यासह खिंडीवरून खाली सुटल्या आणि आईच्या अंगणात येऊन थांबल्या.

आई दारात उभी होती. तिने पाहुण्यांकडे पाहिलंच नाही. सायकलींकडे पाहिलं. जांभळं, जिंजूकरीण. हिरवं, यॉसूकरीण. लसूण, पिल्दू. म्हणजे तिन्ही ठिकाणी यथासांग झालंय. तिने ओठ मिटून घेतले, "या, बसा" म्हणाली आणि आत गेली.

चौरंग मांडला होता. ती बाहेर आली, आणि प्रत्येकापुढे तिने एक बशी ठेवली. बूसानहून आलेली, भातुकलीतली. बशीत एक कोवळं लेट्यूसचं पान, पानात चिमूटभर भात, त्यावर एक मासा. अंगठ्याएवढा, बांगड्याचं पोर म्हणावं असा, सोयाबीनच्या खाऱ्या गोळ्यात आणि तिखटात शिजलेला. बाजूला लसणाची एक पाकळी. बस.

गीसोपने बशीकडे पाहिलं. मग आईकडे.

"आई, हे काय?"

"चाखण्यापुरतं," आई म्हणाली. "तू फळ्यावर चित्र काढलं होतंस ना तसं. मोजून बघ हवं तर, अंगठा आहे."

नऊ महिन्यांत प्रथमच त्याच्या सहलीच्या चारही थांब्यांवर नियमाप्रमाणे चाखणी झाली होती, आणि ती आज व्हायची होती.

तिघांनी पानं उचलली, मिटली, तोंडात टाकली. चावण्याचा आवाज आला, लसणाचा कुडुम आवाज आला. कुणी 'वा' म्हटलं नाही. कुणी 'छान' म्हटलं नाही. वहिनींनी बशीत उरलेला रस बोटाने पुसून घेतला. ब्योलने तिच्या बशीकडे, मग वहिनींच्या बशीकडे, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आईने हे पाहिलं. आईची नजर त्या बोटावर थांबली.

सर उठले. बशी दोन्ही हातांत धरून, पायमोज्यांनी, ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी मुलांना रांगेत उभं केलं होतं. आज रांगेत ते एकटेच होते.

"मावशी, अजून."

"संपलं," आई म्हणाली. "चाखायचंच असतं ना. शिवाय तुमची पोटं भरलीयत. बासनं दिसतायत मला."

"बासनं आम्ही उघडलेली नाहीत. म्हणजे एक उघडलं होतं, पण बायकोने परत बांधलं." सरांनी बशी पुढे केली. "तीन ठिकाणी मिळून मला तीन घास मिळालेत. म्हैस ओढत आम्ही खिंड चढलोय. मावशी, चूल पेटलेली दिसतेय, झाकणाखाली काहीतरी रटरटतंय, आणि तुम्ही संपलं म्हणता. मी शाळा चालवलीय, मला खोटं ऐकू येतं."

आईने जांभळ्या बासनाशी जाऊन गाठ तपासली. गाठ घट्ट होती, जिंजूकरणीच्या हातची नव्हती. हिरव्याला तर कुणी हातही लावलेला नव्हता. तिने परत येऊन सरांच्या तोंडाकडे पाहिलं, मग ब्योलच्या, मग वहिनींच्या. चाळीस वर्षं तिने हीच तपासणी केली होती, बोटीवरून उतरणाऱ्या माणसांच्या तोंडांची, वाढण्याआधी.

"गीसोप," ती म्हणाली, "मूर्खासारखा बसलायस काय? मोठं भांडं धर."

मोठं भांडं भरलेलं होतं. चूल बंद करायचा निश्चय करून, बॅग भरून, नियमाप्रमाणे अंगठ्याचा घास वाढायचा असं पक्कं ठरवून आईने सकाळी स्वयंपाक केला होता तो नेहमीप्रमाणे बोटीवरच्या सगळ्या खलाशांना पुरेल एवढा. कमी कसं शिजवायचं हे तिला येतच नव्हतं.

मग बशा कुणी उचलल्या, थाळ्या कधी आल्या, कळलं नाही. पानांचा ढीग आला, मासळीचं भांडं चौरंगाच्या मधोमध आलं, भात, मुळ्याची किमची, लसणाचे कोवळे दांडे, वाळलेल्या शेवाळाचे कागदी तुकडे. ब्योलने दोन्ही हातांनी पान मिटून एवढा मोठा घास केला की तो तोंडात जाताना तिला डोळे मिटावे लागले. तिचा फोन भोपळ्याशेजारी पालथा पडला होता. इंटरनेटवरच्या तिच्या पानावर पुढे त्या सहलीचे शंभरेक फोटो आले, त्यात थांबा क्रमांक चारचा एकही नाही. हातच पुसलेले नव्हते.

पिल्दू काका त्यांच्या वेळेला आले, कोपऱ्यात बसले, जेवले. सर आणि काका, दोघं समोरासमोर, एक शब्द न बोलता. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि इकडून तिकडे, एका थाळीवरून दुसऱ्या थाळीवर, नजर फिरवत होती. थाळी अर्धी झाली की ती पुढे व्हायची. सरांनी एकदा हाताने 'नको' केलं. तिने तो हात बाजूला करून वाढलं आणि सरांनी ते खाल्लं.

भांड्याचा तळ लागला तेव्हा गीसोपच्या लक्षात आलं की त्याला काहीच उरलेलं नाही. आईने भाताच्या भांड्याला लागलेली खरपूड गरम पाण्यात सोडवून त्याच्यापुढे वाटीत ठेवली.

"चाख," ती म्हणाली.

पाहुण्यांना पाचची एस.टी. गाठायची होती. सर उठताना एकदा बसले आणि मग पुन्हा उठले. बुटाची नाडी वहिनींनी बांधली, कारण सरांना वाकता येत नव्हतं. निरोपाच्या वेळी आई आत गेली, आणि लाल बासनं घेऊन बाहेर आली. खारवलेल्या मासळीचे डबे, प्रत्येकी दोन.

"आई, आधीच केवढं आहे! बॅटऱ्या पण संपल्यात."

"मग? त्या तिघांचं न्यायचं आणि माझं नाही?"

पिल्दू काकांनी ट्रक आणला. तीन पाहुणे, तीन रंगांची बासनं, लसूण आणि भोपळा त्यात चढला. शिंपल्यांची बादली तेवढी आईने उतरवून घेतली. वहिनी भोपळा मांडीवर घेऊन पुढे बसल्या. ट्रक निघाला.

गीसोपने पडवीत चार्जर मांडले. कोपऱ्यात बॅग तशीच होती, पण छत्री तिथे नव्हती; ती खुंटीला परत गेली होती.

अंगणात आई रिकामं भांडं उलटं करून धुवायच्या दगडावर ठेवत होती. ठेवण्याआधी तिने आत बोट फिरवून पाहिलं, आणि बोटाला काही लागलं नाही.

"उद्या किती जण आहेत?" तिने विचारलं.

"सहा."

"सहाच?" आई म्हणाली, आणि लसूण सोलायला बसली.